पांढऱ्या चादरीवरची पाखरं

१

उत्तरेश्वर सापडला तो पाण्यापासून दोन हातांवर.

येरमाळ्याच्या डोंगराखाली दादामियाँ जागीरदारांचा तलाव होता. थंडी पडली की त्यावर रानबदकं उतरत, आणि बदकांच्या मागोमाग बंदुका घेऊन बडी माणसं उतरत. सन त्रेचाळीसच्या त्या हिवाळ्यातही उतरली. सकाळी शिकार झाली, मारलेली बदकं चादरीवर मांडून फोटो निघाला, पाहुणे तंबूत गेले. मग पाखरं उठवणाऱ्या हाकेकऱ्यांना भाकरी वाटल्या, तर एक भाकरी उरली. कष्टाच्या दिवशी भाकरी सोडणारा माणूस त्या गावात नव्हता. म्हणून शोधायला निघाले, आणि लव्हाळ्यात उत्तरेश्वर दिसला. मांडीत छर्रे घुसलेले. त्यानं आपलाच पटका सोडून जखमेच्या वर करकचून बांधला होता, आणि एक हात पाण्याकडे लांब केला होता.

दुसऱ्या दिवशी कळंबहून फकरुद्दीन अमीन आला. पोलिसातला हा माणूस रागावला की हळू बोलायचा आणि फार रागावला की बोलायचाच नाही. निजामाच्या नोकरीत केस पांढरे होईपर्यंत तो एक गोष्ट शिकला होता. कुणी आयतं ताट वाढून ठेवलं, की त्यात काय घातलंय ते आधी बघावं.

इथं ताट वाढूनच ठेवलेलं होतं. चावडीच्या ओट्यावर बाबामियाँ बसला होता. जागीरदारांच्या वडिलांपासूनचा हा शिकारी. पाखरू पडलं रे पडलं की सुरी घेऊन धावायचं, त्याचा श्वास जायच्या आत अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायची, म्हणजे ते हलाल होतं, हे त्याचं काम. श्वास गेल्यावर सुरी फिरवून उपयोग नाही, ते पाखरू मुसलमानाच्या ताटात चालत नाही. चिखल असो, काटे असोत, म्हातारा अजूनही पोरासारखा धावतो, असं सगळे कौतुकानं सांगत.

"साहेब, दुसऱ्या कुनाला इचारू नका," तो म्हणाला. "उत्तऱ्याला म्या मारलं. हातात भरमार बंदूक व्हती. लव्हाळं हललं, म्या बार टाकला."

"चाचा, बार टाकल्यावर बघायला गेलात?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "न्हाय."

"का?"

  बाबामियाँचे डोळे कोरडे होते, पण त्याचा हात सारखा कमरेच्या चंबूवर जात होता. सुरीच्या म्यानाशेजारी तो बूच लावलेला तांब्याचा चंबू कायम लटकलेला असायचा.

जिल्ह्याच्या पोलिसांचे मुख्य, मोहतमीम साहेब, यांचा निरोप आधीच येऊन पडला होता. कबुली आहे, मग कागद करा आणि म्हातारा पाठवून द्या. साहेबांच्या दृष्टीनं सुंठीवाचून खोकला गेला होता. म्हातारा मात्र त्या वयात तुरुंगात गेला, तर उभा परत येणार नव्हता.

अमीन उठला तेवढ्यात चावडीच्या पायऱ्यांशी एक बाई येऊन उभी राहिली. उत्तरेश्वरची बायको, हरणाबाई. तिच्या हातात नवऱ्याची, त्या दिवशी अंगावर असलेली घोंगडी होती.

"साहेब, ही धुवायला घेतली. ह्येच्यात ह्ये अडकलं हुतं. बाबाचाच्याच्या बंदुकीत असलं नसतंय. आमी लई येळा भरताना बघितलीया."

तिनं तळहात उघडला. नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक गोल, करडी चकती होती. कडेनं जळलेली.

अमीननं ती उचलली आणि त्याच्या लक्षात आलं. भरमार तोंडानं भरतात. दारू, वर काथ्या किंवा चिंध्या, मग छर्रे. कातीव नमद्याची चकती निघते ती कारखान्याच्या काडतुसातून. आणि अशी चकती लांब उडत नाही. घोंगडीत येऊन अडकायची, तर बंदूक अगदी जवळ असायला हवी.

बाबामियाँ धडधडीत खोटं बोलत होता.

२

दादामियाँ जागीरदारांनी अमीनचं स्वागत केलं, पण चहा येईपर्यंत ते दोनदा उठले आणि दोनदा बसले. एरवी या माणसाच्या बैठकीला वाघ जरी आला तरी ते लोडाला टेकून राहिले असते.

"काडतुसाच्या बंदुका किती होत्या?" अमीननं विचारलं.

"दोन. माझी नजर गेली दोन वर्षांपूर्वी, मी नुसता तंबूत होतो. एक सज्जाद अलींची. दुसरी निंबाजीराव देशमुखांची."

सज्जाद अली हैदराबादहून आले होते. वडील मोठ्या हुद्द्यावर. जागीरदारांची मुलगी सायराबी त्यांना देण्याचं ठरत होतं. मुलीनं मुलाला पाहिलेलं नव्हतं, आणि पाहायची रीतही नव्हती. म्हणून शिकारीचा बेत आणि म्हणून फोटो. समोर पाखरांची रास आणि मागं बंदूक घेतलेला जवान, अशी तसबीर जनानखान्यात जायची होती.

"मी बांधावरून हललोच नाही," सज्जाद अली म्हणाले. वय तिशीच्या आत, बोलणं मऊ, बोटं मात्र शेरवानीच्या गुंड्या चाचपत होती. "आणि हललो असतो, तर एवढी बदकं कुणी मारली? तसबिरीत बघा. माझ्यापुढं कितीतरी आहेत. देशमुख रावसाहेबांपुढं फक्त दोन."

"बाबामियाँ तुमच्याजवळ होता?"

"सुरुवातीला होता. मग त्याची भरमार घेऊन कुठंतरी गेला. म्हातारा आहे, चुकला असेल. त्याला फार शिक्षा होऊ नये असं मला वाटतं."

हे वाक्य चांगलं होतं. फारच चांगलं होतं, असं अमीनला वाटलं.

तो तलावावर जाऊन आला. जागा साधीच होती. एका अंगाला दगडी बांध, तिथं सज्जाद अली. समोरच्या काठाला बाभळीचं बन, तिथं देशमुख. मधल्या कोपऱ्यात लव्हाळं, तिथून हाकेकरी आवाज करत पाखरं उठवत होते. बांधावरून लव्हाळ्यात उतरता येत होतं आणि बनातूनही येत होतं. दोघांपैकी एकजण आपली जागा सोडून खाली उतरला होता आणि माणसाच्या अगदी जवळ जाऊन त्यानं बार टाकला होता. जो जागा सोडून भटकला, त्याला बदकं कमी मिळणार, हे उघड होतं.

आणि कमी बदकं देशमुखांपुढं होती.

३

निंबाजीराव देशमुख म्हणजे तापलेला तवा. पाणी पडायच्या आत चर्र आवाज. अमीन त्यांच्या घरी पोचला तेव्हा ते सोप्यावर बंदूक पुसत बसले होते. वरच्या खुंटीला दोन तितरं गळ्यात फास घालून टांगली होती. अमीनची नजर तिकडे गेलेली पाहून ते हसले.

"तुमच्यात पायाला बांधतात, आमच्यात गळ्याला. रश्श्यात दोन्हीला चव सारखीच."

अमीनही किंचित हसला. त्याच्या लहानपणी वडील पाखरं आणत ती पाय बांधून, उलटी. सुरी फिरलेली मान फासात ठरत नाही, फाटते. हे त्याला आठवलं आणि तो विसरूनही गेला. कारण पुढचा प्रश्न अवघड होता.

"रावसाहेब, तुमच्यासारख्या नेमबाजाला त्या दिवशी दोनच बदकं मिळाली?"

देशमुखांचा हात बंदुकीवर थांबला. चेहऱ्यावर जे आलं ते भीतीसारखं नव्हतं. कुणी मुस्काटात मारावी आणि उलट हात उचलता येऊ नये, तसं काहीतरी होतं.

"फोटोत दोन आहेत ना? मग दोन."

"तुम्ही लव्हाळ्याकडे उतरला होतात?"

"बनातून पाय बाहेर टाकला नाही."

"साक्ष कोण देईल?"

"माझा गडी. पण तो माझंच मीठ खातो, त्याची साक्ष तुम्ही कशाला धराल?"

"मग दिवसभर बनात बसून दोनच कशी?"

"अमीनसाहेब," देशमुख उठून उभे राहिले, "मी एका मुलीच्या बापाला शब्द दिलाय. त्याच्यापुढं मला विचारू नका. बेड्या घालायच्या तर घाला."

अमीन खाली उतरला. एका बाजूला न केलेला गुन्हा कबूल करणारा म्हातारा, दुसऱ्या बाजूला तोंड शिवून बसलेला देशमुख. मोहतमीम साहेबांनी उद्यापर्यंत कैदी मागितला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, तर इथं संन्यासीसुद्धा दोन तयार होते. त्याला मनापासून चीड आली. त्या मेलेल्या माणसाबद्दल कुणीच बोलत नव्हतं. जो तो काहीतरी झाकत होता आणि त्या झाकण्याखाली उत्तरेश्वर पडला होता.

मुलीच्या बापाला कसला शब्द? बदकांचा आणि मुलीचा काय संबंध?

संबंध एकाच ठिकाणी येत होता, त्या फोटोत. अमीननं घोडं धाराशिवच्या रस्त्याला घातलं.

४

शांतलिंग फोटोवाल्याचं दुकान धाराशिवच्या बाजारपेठेत होतं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे. अंड्याला न शिवणारा हा माणूस शिकारीचे फोटो काढायला का गेला, असं अमीननं विचारलं, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.

"जागीरदारांचा सांगावा. न्हाय कसं म्हणायचं? पर म्या आधीच सांगितलं, फोटो काढीन, पाखराला हात लावणार न्हाय. दुसरे फोटोवाले काय करत्यात, पंख दाबत्यात, मान वळवत्यात, पिसं फिरवून घेत्यात. जिवंत झोपल्यावानी दिसाय पाहिजे म्हनं! म्या म्हणलं, हायत तशी मांडा. पांढऱ्या चादरीवर मांडली, म्या काळ्या कापडाखाली शिरलो, शिवशिव म्हणलं आन् उरकलं."

"एक प्रत जनानखान्यात गेली?"

"आज सकाळीच धाडली. दुसरी ही."

अमीननं फोटो उजेडात धरला. मध्यभागी सज्जाद अली, बंदूक टेकवून, छाती काढून. त्यांच्यापुढं बदकांची लांबलचक रांग, पांढरी पोटं वर. डावीकडे देशमुख, पुढं दोनच बदकं, आणि चेहरा असा की फोटो काढणाऱ्याला खाऊ की गिळू. उजव्या टोकाला बाबामियाँ. कमरेला सुरी, चंबू. हात रिकामे.

"ह्याच्याकडे बंदूक नव्हती?"

"न्हाय की. असती तर फोटोत घेतलीच असती. शिकारी माणूस बंदुकीबिगर फोटोला उभा ऱ्हातोय व्हय?" शांतलिंग पुढे वाकला. "पर एक सांगू का साहेब? त्यांनी माझा फोटो बिघडवला. तीनदा म्हणलं, चाचा, हिकडं बगा. ऐकंनातच. समदी माझ्याकडं बगत्यात आन् ह्ये तोंड फिरवून तिकडं."

"तिकडं म्हणजे?"

"लव्हाळ्याकडं."

 बाहेर कुणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं. अमीननं हळूच विचारलं, "भिंग आहे का?"

शांतलिंगनं भिंग दिलं आणि जिच्यावर फोटो उतरला होता ती मूळची काचही उजेडात लावून दिली. अमीननं सज्जाद अलींच्या रांगेतल्या पहिल्या बदकावर भिंग धरलं. मग दुसऱ्यावर. मग सगळ्या रांगेवरून. मग देशमुखांपुढच्या दोन बदकांवर, आणि पुन्हा पहिल्यापासून.

कुणी पिसं फिरवली नव्हती, म्हणून सगळं जसंच्या तसं राहिलं होतं. शांतलिंगच्या सोवळ्यानं पोलिसांचं काम केलं होतं.

"शांतलिंग," अमीन इतक्या हळू म्हणाला की फोटोवाल्याला पुन्हा विचारावं लागलं, "ही प्रत मी नेतो. आणि उद्या तुम्हीही माझ्याबरोबर चला."

५

दिवाणखान्यात सगळे जमले. दादामियाँ, सज्जाद अली, देशमुख, दाराशी शांतलिंग, आणि दोन शिपायांमध्ये बाबामियाँ. एका बाजूला चिकाचा पडदा सोडला होता. त्याच्यामागे बांगड्यांचा बारीक आवाज एकदा झाला आणि थांबला.

अमीननं आधी नमद्याची चकती सगळ्यांना दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. बार भरमारीचा नव्हता आणि लांबूनही नव्हता. बाबामियाँनं काही बोलायला तोंड उघडलं, अमीननं हात वर करून त्याला थांबवलं.

"राहिले दोघे. सज्जाद अली साहेब, तुमचा पुरावा ही बदकं. खरं ना?"

"अर्थात."

"रात्री मेजवानी होती. ती बदकं जनानखान्यातही जाणार होती. बाबामियाँ तर तुम्हाला सोडून गेला होता. मग ती पाखरं तशीच, सुरीवाचून, ताटात जाणार होती?"

सज्जाद अलींचा चेहरा लाल झाला. "मला काय समजता? होणाऱ्या सासऱ्याच्या घरात मी हराम पाठवीन? माझ्या हातानं, बिस्मिल्ला म्हणून, एकूण एक पाखरावर सुरी फिरवली मी."

"एकूण एक?"

"कुराणावर हात ठेवून सांगतो."

"ते राहू द्या," अमीन म्हणाला. "नंतर जड जाईल."

त्यानं फोटो आणि भिंग दादामियाँपुढं ठेवलं. त्यांची नजर अधू, म्हणून शांतलिंगला पुढं बोलावलं आणि काय दिसतं ते सांगायला लावलं. शांतलिंगनं नाक मुरडत भिंग धरलं.

"गळ्याची पिसं दबल्यात. गोल कडं पडल्यावानी. दोरीचा वळ हाय... हिच्याबी. हिच्याबी. समद्याच्या गळ्याला हाय."

"आणि सुरीची खूण? रक्त?"

"न्हाय. पांढरीफेक हायत मानंखाली."

"देशमुखांपुढच्या दोघांना?"

"तसाच वळ. एका माळंतली दिसत्यात समदी."

देशमुखांनी डोळे मिटून घेतले.

"सुरी फिरलेलं पाखरू गळ्याला टांगत नाहीत," अमीन म्हणाला. "मान तुटून खाली येईल. ते पायाला बांधतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गळ्याला फास लावून आणतो देशमुखांचा गडी. म्हणजे चादरीवरचं एकूण एक पाखरू देशमुखांनी मारलेलं होतं. एवढी पाखरं मारणारा माणूस बनातून हलला नाही, हलूच शकला नसता. आणि सज्जाद अली साहेब, तुमच्या वाट्याचं त्यात एकही नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"उसनी घेतली होती!" सज्जाद अली ओरडले. "माझा नेम लागला नाही. मुलीला तसबीर दाखवायची, म्हणून जागीरदारांनीच रावसाहेबांकडून मागून घेतली. हा काय गुन्हा झाला?"

"नाही. नेम चुकणं गुन्हा नाही, पाखरं उसनी घेणंही नाही. रावसाहेबांनी तेवढ्यासाठी तोंड बंद ठेवलं, कारण मुलीच्या बापाची इज्जत. बेड्या पडल्या असत्या तरी बोलले नसते. पण तुम्ही ती उसनी पाखरं पुरावा म्हणून माझ्यापुढं मांडलीत, आणि त्यातला संशय ज्यांनी तुमची लाज राखली त्यांच्यावर ढकललात. ते गुन्हेगाराशिवाय कुणी करत नाही. बदकं बनाकडे जात होती, तुम्हाला एकही मिळेना. म्हणून तुम्ही बांध सोडून लव्हाळ्यात उतरलात. पुढं काही हललं. पंख दिसायची वाट न पाहता बार टाकलात."

सज्जाद अलींनी इकडं तिकडं पाहिलं. दादामियाँकडे पाहिलं. दादामियाँ भिंतीकडे पाहत होते.

"मला डुक्कर वाटलं," ते शेवटी म्हणाले. "खरंच डुक्कर वाटलं. ओरडल्याचा आवाज आला, पण... डुक्करही ओरडतं."

"बाबामियाँ बरोबर होता?"

"होता."

अमीन जागीरदारांकडे वळला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"फोटोच्या वेळी नव्हतं, अल्लाची शपथ." दादामियाँ म्हणाले. "प्रेत सापडलं तेव्हा कळलं असतं. मी विचारलं नाही. बाबामियाँ आपण होऊन पुढं झाला आणि मी... मी विचारलं नाही."

तेवढ्यात चिकाच्या पडद्यामागून आवाज आला. तरुण मुलीचा, न थरथरणारा.

"अमीनसाहेब, एक विचारायचं आहे. तसबीर निघाली तेव्हा तो माणूस जिवंत होता का?"

 अमीनला उत्तर ठाऊक होतं. पटका बांधायला माणूस जिवंत लागतो, आणि इतका घट्ट बांधलेला पटका सांगत होता की बांधणाऱ्याला जगायचं होतं. पण त्यानं बाबामियाँकडे पाहिलं. 

"व्हता, बेटी," बाबामियाँ म्हणाला. "त्याचं कण्हणं मला ऐकू येत व्हतं."

पडद्याखालून एक चौकोनी पुठ्ठा सरकत बाहेर आला. जनानखान्यात गेलेला फोटो होता तो, उलटा घातलेला.

"अब्बाजान," सायराबी म्हणाली, "हे ज्यांचं आहे त्यांना परत द्या. मला ह्या घरात म्हातारी होऊ द्या, चालेल."

६

सज्जाद अलींवरचा खटला हैदराबादला गेला. तिकडे बड्या बापाच्या मुलाला जेवढी शिक्षा व्हायची तेवढी झाली, म्हणजे फार झाली नाही. पण बाबामियाँचं नाव कागदावरून उतरलं, आणि देशमुखांचंही. अमीनला तेवढ्यावर समाधान मानावं लागलं.

ते सगळं नंतरचं; दिवाणखान्यातून परतल्यावर त्याच संध्याकाळी चावडीत शिपायानं म्हाताऱ्याची सुरी आणि चंबू परत आणून ठेवला. बाबामियाँनं दोन्हीला हात लावला नाही.

"चाचा, तुम्ही सुटलात," अमीन म्हणाला. "आता तरी सांगा. जागीरदारांच्या मिठासाठी कबुली दिलीत? सायराबीसाठी?"

"न्हाय साहेब." म्हाताऱ्यानं मान हलवली. "ती पोरगी माझ्या खांद्यावर वाढली, पर तिच्यासाठी खोटं न्हाय बोललो. आन् खोटं तरी कुठं बोललो? उत्तऱ्याला म्याच मारलं."

"बार त्यांनी टाकला."

"बार मांडीला लागला व्हता. मांडीच्या बारानं माणूस लगीच मरत न्हाय. म्या गेलो असतो तर घोंगडीत घालून आणला असता, येरमाळ्याला वैदू हाय. म्या निघालोच व्हतो साहेब. सज्जाद मियाँनी खांद्यावर हात ठिवला. डुक्कर हाय म्हणले. तेवढ्यात फोटोचा सांगावा आला. चला, चला, समदे थांबल्यात. आन् म्या गेलो. मला ठावं व्हतं त्ये डुक्कर न्हाय. आख्खी हयात जनावरं ऐकण्यात गेली माझी."

पायऱ्यांशी हरणाबाई उभी होती. ती कधी आली ते अमीनला कळलं नव्हतं. बाबामियाँनं तिला पाहिलं, आणि मग तो अमीनशी बोलायचा थांबला आणि तिच्याशीच बोलू लागला.

"सूनबाई, पाखरू पडलं की म्या पळत जातो. काट्यातनं जातो, चिखलातनं जातो. श्वास जायच्या आत पोचलो न्हाय तर मला जेवण जात न्हाय. तुझ्या नवऱ्याला पडल्याला ऐकलं, आन् म्या चांगली टोपी नीट करून फोटोला उभा ऱ्हायलो."

 हरणाबाईनं शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, असं अमीनला वाटत होतं. त्यानं म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. ती नुसती पुढं आली आणि ओट्यावरचा चंबू उचलून तिनं पाहिला. आत अजून पाणी होतं, शिकारीच्या दिवशी सकाळी भरलेलं.

"ह्यो कशाला बाळगता, चाचा?" तिनं विचारलं. गावात कधी कुणी हे विचारलं नव्हतं.

बाबामियाँचा आवाज तेव्हा पहिल्यांदा तुटला.

"सुरी फिरवायच्या आधी चोचीत पाणी घालावं लागतंय, बाई. तहानलं पाखरू मारायचं न्हाय, असं वडलांनी शिकवलंय. समद्या पाखरांना घालतो म्या. त्यानं पाण्याकडं हात केला व्हता. आन् माझा चंबू भरल्याला व्हता."